इसब आणि लेकराचं ताट : नक्की काय बंद करायचं?

शेवंती | ११ डिसेंबर, रात्री १०:५२

नमस्कार. दोन वर्षं इथं नुसती वाचत आलेय, आज पहिल्यांदा लिहितेय. मागं-पुढं झालं तर सांभाळून घ्या.

माझा लेक सव्वाचार वर्षांचा. पाचव्या महिन्यापासून त्याला इसब आहे. आधी गाल लाल व्हायचे, मग ते कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यामागच्या लवणीत सरकलं. दिवसा खेळण्यात विसरतो, रात्री मात्र आम्ही कुणीच झोपत नाही. खाजवून खाजवून चादरीवर रक्ताचे ठिपके पडतात.

आमच्या फ्रीजवर एक यादी चिकटवलीय, बंद पदार्थांची. सुरुवात सासूबाईंनी केली, वांगं आणि आंबट. शेजारच्या काकूंनी दूध सांगितलं. नणंदेच्या ओळखीत कुणाला तरी गहू सोडून बरं वाटलं, म्हणून पोळी गेली. मग मे महिन्यात एका लॅबमध्ये दोनशे पदार्थांची रक्ततपासणी केली. त्यात ४३ पदार्थ लाल रंगात आले. दूध, अंडं, गहू, शेंगदाणे, तूर, बटाटा, केळं, सगळं त्यात. तेव्हापासून पोरगं नाचणी, मूग, भात, दुधी आणि भोपळ्यावर आहे. कोल्हापुरात राहून सात महिने त्याच्या पोटात दुधाचा थेंब नाही. आजोबा त्याला संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला न्यायचे, तेही थांबलं. आता तो रस्त्यात म्हैस दिसली की तोंड फिरवतो.

ऑगस्टमध्ये कातडी खरंच सुधारली होती. आम्हाला वाटलं, पथ्य लागू पडलं. दिवाळी झाली, थंडी पडली आणि पुन्हा सगळं होतं तसं. मेमध्ये वजन १३ किलो २०० ग्रॅम होतं. परवा केलं, १३ किलो ३००.

आता एकीनं एक पावडर सुचवलीय. जीवनसत्त्वं, झिंक, ओमेगा असं सगळं घातलेली, महिनाभरात कातडी सुधारते म्हणे. ती घ्यावी का? पिशवीवर 'प्लस एफ' छापलेलं दूध किंवा तेल वापरून काही फरक पडतो का? आणि रेशनच्या तांदळात हल्ली वेगळेच दाणे येतात. सासूबाई ते वेचून टाकतात, त्यानंच खाज वाढते म्हणतात. हे खरं आहे का?

ज्यांनी हे भोगलंय त्यांनी कृपया लिहा.

गंगावेश_पहाट | ११ डिसेंबर, रात्री ११:२०

ताई, वाचून पोटात कालवलं. माझी धाकटी बहीण याच फेऱ्यातून गेलीय. एकच विचारतो. ऑगस्टमध्ये बरं वाटलं ते पथ्यानं की पावसानं? आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली की दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तशी कातडीही सुकत नाही. बहिणीचं दरवर्षी पावसाळ्यात उतरायचं आणि डिसेंबरात उसळायचं. खाणं बारा महिने तेच असायचं. हे ध्यानात यायला आम्हाला तीन वर्षं लागली.

बाळडॉक्टर | १२ डिसेंबर, सकाळी ७:०५

मी गडहिंग्लज भागात लहान मुलांचा डॉक्टर आहे. मुलाला न बघता औषध सांगणार नाही, पण तुमची पोस्ट वाचून गप्प बसवलं नाही.

आधी ते ४३ लाल पदार्थ. रिपोर्टवर बारीक अक्षरात 'आयजीजी' लिहिलंय का ते बघा. आयजीजी म्हणजे शरीराला तो पदार्थ ओळखीचा झाल्याची खूण. जो मुलगा रोज दूध पितो त्याच्या रक्तात दुधाचं आयजीजी सापडणारच. त्यावरून ॲलर्जी ठरवता येत नाही. ॲलर्जीशी नातं असतं ते रक्तातल्या आयजीई नावाच्या दुसऱ्या खुणेचं, आणि तेवढ्यावरही भागत नाही. इसबाच्या मुलांत आयजीई पॉझिटिव्ह येतं आणि पोरगं तोच पदार्थ मजेत खात असतं, असं नेहमी दिसतं. म्हणून आधी हकिगत विचारायची, खाल्ल्यावर किती वेळात काय झालं. मग चाचणी. तरी शंका उरलीच तर दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली, थोडं-थोडं खायला घालून बघायचं.

इसबाचं मूळ पुष्कळदा कातडीतच असतं. फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन कातडीचा वरचा थर घट्ट ठेवतं आणि ओल धरून ठेवतं. या प्रथिनाच्या जनुकातल्या बदलांचा इसबाशी संबंध २००६ मध्ये दिसून आला. ते कमी पडलं की कातडी कच्च्या भाजलेल्या माठासारखी होते. आतलं पाणी झिरपून जातं, बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात. थंडीत हवा कोरडी, त्यात कढत पाण्याची आंघोळ, की झालंच. गंगावेश_पहाट यांनी नेमकं तेच पकडलंय.

मग खाण्याचा काहीच संबंध नाही का? आहे. मध्यम ते तीव्र इसब असलेल्या लहान मुलांपैकी साधारण एक-तृतीयांश मुलांना एखाद्या पदार्थाची खरी ॲलर्जी असते. म्हणून तुम्ही शंका घेतलीत यात चूक काही नाही. पण अशी ॲलर्जी बहुधा दूध, अंडं, शेंगदाणा, गहू, सोयाबीन, मासे अशा मोजक्या पदार्थांची असते. पदार्थ बंद करून इसब किती उतरतो याच्या दहा चाचण्यांचा एकत्र आढावा २०२२ मध्ये आला, एकूण ५९९ रुग्णांचा. बंद केलेल्यांपैकी ५० टक्के लोकांना जाणवण्याइतका आराम पडला, आणि काहीही बंद न केलेल्यांपैकी ४१ टक्क्यांना. एवढ्याशा फरकासाठी सव्वाचार वर्षांच्या मुलाचं वजन सात महिने अडकवून ठेवणं मला पटत नाही.

आता पुढचं कृपया दोनदा वाचा. सात महिने बंद असलेलं दूध, अंडं किंवा शेंगदाणा घरी एकदम सुरू करू नका. अमेरिकेत २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या मुलांना आधी कुठलाही पदार्थ खाऊन लगेच त्रास कधी झाला नव्हता. खाण्यानं इसब वाढतो म्हणून पदार्थ बंद केल्यावर त्यांच्यातल्या १९ टक्के मुलांना नव्यानं तत्काळ ॲलर्जी उद्भवली, काहींना जिवावर बेतण्याइतकी. रोज पोटात जाणारं अन्न शरीर आपलं मानतं. ती सवय मोडली की काही मुलांत शरीर त्याच अन्नावर उलटतं. त्यामुळं परत सुरू करायचं ते डॉक्टरांना दाखवूनच.

शेवंती | १२ डिसेंबर, दुपारी २:४०

रिपोर्ट काढून बघितला. आयजीजीच आहे. ४३ च्या ४३.

डॉक्टर, आठवण्याचा प्रयत्न केला. दूध, पोळी, शेंगदाण्याचं कूट यांनी खाल्ल्याबरोबर असं कधीच काही झालं नव्हतं. अंड्याचं मात्र आठवतंय. दीड वर्षाचा असताना आम्लेटचा तुकडा दिला आणि दहा-पंधरा मिनिटांत ओठाभोवती गांधी उठल्या होत्या. तेव्हा आम्ही 'उष्ण पडलं' म्हणून सोडून दिलं.

बाळडॉक्टर | १२ डिसेंबर, रात्री ९:१५

ही एक आठवण त्या सगळ्या रिपोर्टपेक्षा मोलाची आहे. अंडं अजिबात देऊ नका आणि हे शब्द जसेच्या तसे तुमच्या डॉक्टरांना सांगा. बाकीच्या पदार्थांचंही तेच ठरवतील. मोठ्या सरकारी दवाखान्यात बाल आणि त्वचा असे दोन्ही विभाग असतात. तिथं किंवा ॲलर्जीचं काम करणाऱ्या तज्ज्ञाकडं जा, पण जा.

एक फरक मात्र ओळखायला शिका. टोमॅटो, लिंबू, चिंच, तिखट रस्सा तोंडाला लागून फक्त हनुवटी-ओठाभोवती लाल होत असेल आणि तासाभरात जात असेल, तर बहुतेक वेळा ती नुसती जळजळ असते. जेवणाआधी तिथं व्हॅसलीनचा हात फिरवला की पुष्कळ मुलांचं ते थांबतं. आंबट बंद करायची वेळ त्यामुळंच अनेक घरांत येते.

आक्का_शिरोळ | १३ डिसेंबर, सकाळी ११:३०

मी सत्तरीची हाय, नातीकडनं लिवून घेतीया. डाक्टर, तुमचं समदं ऐकलं. पर वांगं खाल्लं की माझं अंग खाजतंया, ह्ये मी माझ्या अंगावर बघितल्यालं हाय. त्येला खोटं कसं म्हनू?

तरीबी शेवंती, तुला एक सांगती पोरी. आमच्या सासूबाई पथ्य द्यायच्या तवा एका टायमाला येकच जिन्नस सोडाय लावायच्या. म्हैना झाला की परत खाऊन बघ म्हनायच्या. खाजलं तर सोड, न्हाई खाजलं तर खा. तुमी समदंच एका दमात सोडलासा. मग कशानं काय झालं ह्ये कळायचं कसं? आन् लेकराला उपाशी ठेवून पथ्य कुनीबी सांगितल्यालं न्हाई. पथ्य म्हातारीला, पोराला घास.

बाळडॉक्टर | १३ डिसेंबर, दुपारी १:१०

आक्का, तुमच्या सासूबाईंना नमस्कार. ॲलर्जीचे डॉक्टर आज जे करतात त्याचा गाभा हाच आहे. एकच संशयित पदार्थ, दोन ते चार आठवडे बंद, मग पुन्हा सुरू करून बघणं. पुन्हा सुरू करण्याची पायरी गाळली तर उत्तर मिळतच नाही, आणि घरोघरी नेमकी तीच गाळली जाते. तुम्ही वांगं दोन्ही बाजूंनी तपासलंत, ते तुमच्यापुरतं खरं आहे. नातवंडांना लागू होईलच असं नाही.

लाकडी_घाणा | १३ डिसेंबर, संध्याकाळी ६:२५

आमचा लाकडी घाण्याचा व्यवसाय आहे म्हणून विचारतो. आमच्याकडून बरेच जण बाळाच्या मालिशीला शेंगतेल नेतात. इसबाच्या मुलाला ते चालतं का? शिवाय घरात डाळीचं पीठ आणि साय लावून आंघोळ घालायची पद्धत आहे. खोटं बोलून तेल विकायचं नाही, म्हणून स्पष्ट सांगा.

बाळडॉक्टर | १३ डिसेंबर, रात्री १०:००

असा प्रश्न विकणाऱ्यानं विचारला, याचं मला फार बरं वाटलं. फुटलेल्या, ओलसर इसबावर शेंगतेल, डाळीचं पीठ, साय, दूध यातलं काहीही लावू नये.

कारण असं. अन्नाची शरीराशी पहिली ओळख तोंडातून, पोटातून झाली तर शरीर सहसा ते स्वीकारतं. तीच ओळख फुटलेल्या कातडीतून झाली तर शरीर त्याला शत्रू समजायची शक्यता वाढते. गिडिअन लॅक या लंडनच्या बालरोगतज्ज्ञांनी ही कल्पना मांडली. त्यांच्या गटाच्या २००३ च्या अभ्यासात शेंगदाण्याची ॲलर्जी झालेल्या मुलांत, लहानपणी शेंगतेल असलेली मलमं कातडीला लावल्याचं प्रमाण जास्त आढळलं होतं. घाण्याच्या तेलात शेंगदाण्याचं प्रथिन थोडं उरतं, रिफाइंड तेलात ते जवळपास निघून जातं. म्हणून तुमचं तेल फोडणीला उत्तम, इसबावर नको.

तेलच लावायचं असेल तर खोबरेल. फिलिपीन्समध्ये इसबाच्या ११७ मुलांवर ओल्या खोबऱ्याचं 'व्हर्जिन' खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना झाली, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात खोबरेल सरस ठरलं. तरी साधं बिनवासाचं मलम बहुतेक मुलांना जास्त सोसतं. आंघोळ कोमट पाण्याची, पाच-दहा मिनिटांची. पंचानं टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच मलम. किती? इथंच सगळे कमी पडतात. मुलाला आठवड्याला २५० ग्रॅमपर्यंत लागू शकतं, आणि आपण ५० ग्रॅमची ट्यूब दीड महिना पुरवतो.

डॉक्टरांनी स्टिरॉइडचं मलम दिलं तर त्याची दहशत घेऊ नका. मात्र औषधाच्या दुकानातून आपल्या मनानं आणलेलं, स्टिरॉइड मिसळलेलं मिश्र मलम नको. नायटा असेल तर त्यानं तो वरवर दबतो आणि आतून पसरतो.

चटणीवाली_वहिनी | १५ डिसेंबर, दुपारी ४:१०

विषय लहान मुलांचा आहे, पण मोठ्यांपैकी कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिते.

मी कांदा-लसूण चटणी करून विकते. उन्हाळ्यात दोन महिने घरात दुसरं काही नसतं, मिरच्यांचे देठ मोडायचे, लसूण सोलायचा, खोबरं भाजायचं. तीन वर्षांपूर्वी डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं टोकाशी फुटायला लागली. भेगा अशा की मीठ लागलं की जीव जायचा. मी सगळं खाऊन-सोडून बघितलं, तिखट सोडलं, मटण सोडलं, लसूण खाणंसुद्धा बंद केलं. काही फरक नाही.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लसूण कुठल्या हातात धरता? मी उजव्या हातानं सोलते, पाकळी डाव्या हाताच्या त्याच तीन बोटांत असते. लसणातल्या एका रसायनाचा इसब नेमका तिथंच येतो म्हणाल्या, आणि साध्या रबरी हातमोज्यांतूनही ते आत जातं. मी सोलायचं मशीन घेतलं. दोन महिन्यांत बोटं भरली. लसूण मी आता पोटभर खाते, फक्त हातात धरत नाही. इतकी वर्षं ताटात शोधत होते आणि ते पाटावर होतं.

आहारवही | १७ डिसेंबर, रात्री ११:४५

मी आहारतज्ज्ञ आहे, माहेर राजारामपुरी, सध्या सांगली. शेवंतीच्या पावडरीच्या आणि प्लस एफच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

प्लस एफ म्हणजे त्या पदार्थात ठरावीक पोषकद्रव्यं वरून घातली आहेत. दूध आणि तेलात अ आणि ड जीवनसत्त्व, तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२. हे केलं जातं ते देशभरातली कमतरता भरून काढायला. इसबाचं औषध म्हणून त्याची रचना नाही.

रेशनच्या तांदळातले ते वेगळे दाणे प्लास्टिकचे नाहीत. तांदळाच्या पिठात लोह आणि जीवनसत्त्वं मिसळून यंत्रातून पुन्हा दाण्याच्या आकारात काढलेले असतात, साधारण शंभर दाण्यांमागं एक. त्यानं खाज वाढायचं काही कारण नाही. सासूबाईंना सांग, तांदळातलं सगळ्यात मोलाचं तेच त्या वेचून टाकतायत. इतकं कमी खाणाऱ्या मुलाला ते हवंच आहे.

आता ड जीवनसत्त्व. याच्याबद्दल थोडी आशा आहे. मंगोलियात थंडीत वाढणाऱ्या इसबाच्या १०७ मुलांना महिनाभर रोज १,००० युनिट ड किंवा नुसतं औषधासारखं दिसणारं काहीतरी दिलं. २०१४ च्या त्या अभ्यासात ड घेतलेल्या मुलांची कातडी जास्त सुधारली. मग वाटतं, प्लस एफचं दूध पाजू. हिशेब करून बघ. अशा दुधात लिटरमागं साधारण २०० ते ३०० युनिट ड असतं. म्हणजे २०० मिलीच्या पेल्यात ४० ते ६०. त्या मुलांना मिळालं तेवढं ड मिळवायला सतरा ते पंचवीस पेले लागतील. कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधात तर वरून काही घातलेलंच नसतं, आणि लहान मुलाला ते उकळूनच द्यावं. दूध हाडांसाठी, वाढीसाठी प्यायचं. ड खरंच कमी असेल तर डॉक्टर मोजून डोस देतील. आपल्या मनानं घेतलेलं जास्तीचं ड अंगात साठतं आणि कॅल्शियम वाढवतं.

झिंकचंही असंच. झिंक फार कमी पडलं तर तोंडाभोवती आणि शीच्या जागी लाल, सोलवटलेले चट्टे येतात, केस गळतात, जुलाब होतात. ते इसबासारखं दिसतं आणि झिंक दिल्यावर झपाट्यानं जातं. पण ज्याला झिंक पुरेसं आहे त्याच्या इसबावर झिंकचा असा परिणाम दिसत नाही. शेवंती, मला काळजी याची वाटते की तुझ्या लेकाचं ताट सात महिने इतकं अरुंद आहे की लोह, झिंक, ड यांतलं काही आता खरंच कमी झालं असेल. तपासून घे.

बाकी पूरक गोष्टी भराभर सांगते. इव्हनिंग प्रिमरोज तेलाच्या कॅप्सूलनं इसबाला फायदा नाही, २७ अभ्यासांचा आढावा २०१३ मध्ये झाला. प्रोबायोटिकचा, म्हणजे पोटाला चांगल्या जिवाणूंच्या औषधांचा, ३९ चाचण्यांचा आढावा २०१८ मध्ये आला, फरक जवळपास शून्य. माशाच्या तेलाचे पुरावे तुटपुंजे. जवसाची चटणी चांगलीच आहे, भाकरीबरोबर जरूर खा, पण ती खाज थांबवेल म्हणून नको.

पावडर: डब्याच्या मागचा मजकूर वाच. आपल्याकडं वेष्टनावर दूध, गहू, सोया, शेंगदाणा यांचा स्पष्ट उल्लेख करणं बंधनकारक आहे. अशा बहुतेक पावडरींत दुधाची भुकटी आणि साखर पहिल्या दोन-तीन नावांत असते. म्हणजे ज्या घरात दूध बंद, त्याच घरात महागड्या डब्यातून दूध येतं. ते पैसे मलमावर घाल.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली | १८ डिसेंबर, सकाळी ८:५०

मी पस्तिशीचा आहे, लहानपणीचा इसब अजून मानेवर आणि हातांवर आहे. रविवारची मिसळ आणि महिन्यातून दोनदा तांबडा-पांढरा. प्रत्येक जण सांगतो, तिखट सोड. सोडू का?

आहारवही | १८ डिसेंबर, रात्री ९:३०

दादा, तिखटानं इसब होतो असं कुठल्या चांगल्या अभ्यासात मला दिसलेलं नाही. तिखट-गरम खाऊन घाम येतो आणि घामानं इसबाला खाज सुटते, हे मात्र खरं. रस्सा जरा निवू द्या आणि नंतर मान पुसा.

मी असते तर तिखटाआधी मिठाकडं बघितलं असतं. ब्रिटनमधल्या दोन लाखांहून जास्त प्रौढांच्या माहितीवरचा अभ्यास २०२४ मध्ये आला. लघवीतून दिवसाला एक ग्रॅम सोडियम जास्त जाणाऱ्यांत इसबाची शक्यता ११ टक्क्यांनी जास्त होती. एक ग्रॅम सोडियम म्हणजे अर्ध्या चमच्याला थोडं कमी मीठ. मिठामुळंच इसब झाला असं यावरून म्हणता येत नाही, दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या एवढंच. पण जागतिक आरोग्य संघटना तशीही दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते. मिसळीवरचं फरसाण, पाव, वर लोणचं आणि पापड, याचा हिशेब तुम्हीच करा. मिसळ सोडू नका, फरसाण अर्धं करा.

मस्कतहून | २१ डिसेंबर, संध्याकाळी ७:००

माझ्या बायकोला सातवा महिना आहे, ती माहेरी कागलला आहे. मला लहानपणी इसब होता. घरच्यांनी तिचे शेंगदाणे, दूध, अंडी बंद केलीत, बाळाला इसब होऊ नये म्हणून. बरोबर आहे का?

बाळडॉक्टर | २२ डिसेंबर, सकाळी ६:५०

नाही, आजच फोन करून सुरू करायला सांगा. गरोदरपणी किंवा दूध पाजताना आईनं हे पदार्थ सोडल्यानं बाळाचा इसब टळतो, असं दिसलेलं नाही. आईचं पोषण मात्र खालावतं.

उलट बाळ वरचं खायला लागलं की उशीर करू नका. लंडनमध्ये लॅक यांच्याच गटानं तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं घेतली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित खाऊ घातला, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत टाळला. २०१५ मध्ये निकाल आला. ज्यांची सुरुवातीची चाचणी निगेटिव्ह होती त्यांच्यात, टाळणाऱ्यांपैकी १३.७ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांपैकी १.९ टक्के मुलांना. त्याआधी बरीच वर्षं अनेक ठिकाणी 'उशिरा द्या' असंच सांगत. मीही माझ्या रुग्णांना ते सांगितलंय, आणि आज त्याची खंत वाटते.

बाळाला अख्खा दाणा कधीच नको, घशात अडकतो. बारीक कूट पातळ करून, तेही बाळाला आधी तीव्र इसब दिसला तर डॉक्टरांना विचारून.

शेवंती | ९ जानेवारी, रात्री ११:१०

सगळ्यांचे आभार मानायलाही वेळ झाला नव्हता. आम्ही डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी यादी बघितली, काही बोलल्या नाहीत, फक्त वजनाचा तक्ता काढून माझ्यापुढं ठेवला. सासूबाईही सोबत आल्या होत्या. त्या घरी आल्या आणि फ्रीजवरचा कागद त्यांनीच काढला.

चाचणीत दूध, गहू, शेंगदाणा निगेटिव्ह. अंडं पॉझिटिव्ह. लोह आणि ड कमी निघालं, दोन्हींची औषधं सुरू झालीत. दूध पहिल्यांदा दवाखान्यातच दिलं, एक चमचा, मग थांबायचं, मग दोन. मी चार तास त्याच्या ओठांकडं बघत बसले होते. काही झालं नाही.

मलम मात्र आता डब्यानं आणतो. आठवड्याला सव्वादोनशे ग्रॅम लागतंय. सासरे स्वतः चोळतात, रात्री आंघोळीनंतर.

गंगावेश_पहाट | १० जानेवारी, सकाळी ७:३०

ताई, डोळ्यांत पाणी आलं. आजोबांना सांगा, कट्टा अजून तिथंच आहे.

शेवंती | २६ एप्रिल, दुपारी ३:२०

चार महिन्यांनी लिहितेय. वजन १४ किलो ६००. इसब गेलेला नाही. मार्चमध्ये एकदा जोरात उसळला होता, सर्दी-तापानंतर. तेव्हा जुनी सवय वर आली, माझा हात दुधाच्या पातेल्यावरच थांबला. मग त्याच्या खाण्याच्या नोंदवहीत बघितलं. त्या आठवड्यात खाण्यात नवीन काहीच नव्हतं. मलम वाढवलं, डॉक्टरांनी दिलेलं औषध पाच दिवस लावलं, उतरलं. रात्री तो आता बहुतेक वेळा सलग झोपतो.

अंडं बंदच आहे. वर्षभरानं पुन्हा तपासू म्हणाल्या, पुष्कळ मुलांची ही ॲलर्जी मोठेपणी जाते. जूनमध्ये शाळा. बाईंना लेखी कळवलंय, पण वाढदिवसाला केक वाटतात त्याची धास्ती आहे. बिनअंड्याचं, त्याला मनापासून आवडेल असं, डब्यात टिकणारं गोड कुणी सुचवेल का?

आक्का_शिरोळ | २६ एप्रिल, संध्याकाळी ६:००

गव्हाची खीर डब्यात सांडती. त्यापेक्षा गूळपापडी कर. तुपावर गव्हाचं पीठ मंद भाजायचं, घाई करायची न्हाई, वास सुटला की खाली उतरून चिरल्याला गूळ घालायचा, वरनं दाण्याचं कूट आन् वेलदोडा. ताटात थापून वड्या पाड. गहू बी आला, शेंगदाना बी आला, तूप बी आलं. यादीतलं तीन जिन्नस एका वडीत. पयली वडी आजोबाला दे.